न्यायला कोण येणार?

प्रत्येक भाषेने आपल्या मुलखातील एखाद्या गावाच्या कपाळी वेडाचा शिक्का मारून ठेवलेला असतो. मुंबईकडे कोणी काही विपरीत बोलला की त्याला ठाण्याची वाट दाखवतात. पुणेकर येरवड्याचे नाव काढतो. दक्षिण कोकणात तो मान रत्नागिरीकडे जातो, आणि उत्तर हिंदुस्थानात आग्रा किंवा रांचीकडे. आमच्या कारवार जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर, सुपे-हल्याळच्या बाजूस, हे काम धारवाडकडे आले. वास्तविक धारवाड म्हणजे बेंद्र्यांच्या कवितेचे, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्याचे आणि पेढ्यांचे गाव. परंतु आमच्या चेष्टेच्या बोलण्यात त्या शहरात एकच इमारत होती. ‘ह्याला आता धारवाडास न्यायला हवे’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्यास पुढचे काही सांगावे लागत नसे.

ह्या वाक्प्रचारांकडे जरा निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ते सगळे जाण्याचे आहेत. अमक्याला ठाण्याला पाठवला, तमक्याला धारवाडास नेला, एवढेच आपण बोलतो. ‘तो धारवाडहून परत आला’ ह्या वाक्याला मात्र आपल्या बोलीत वेगळा असा अर्थ चिकटलेला नाही. जी गोष्ट समाजात वारंवार घडते तिच्यासाठी भाषा शब्द घडवते. जी क्वचित घडते तिच्यासाठी ती खोळंबून राहत नाही. आपल्याकडील मनोरुग्णालयांचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मला ह्या एका उणिवेत साठवलेला दिसतो.

धारवाडचे वेड्यांचे इस्पितळ १८४५ सालचे. त्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होते आणि आमचे गुंद मद्रास इलाख्यात. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मुंबईकडे आला, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गुंद आपल्या रानात जागच्या जागी राहिले. त्याच्यावरून सरकारे मात्र पावसाळी ढगांसारखी सरकत गेली. सरकार कोणतेही असो, ज्याचे चित्त ठिकाणावर नाही अशा माणसाची वाट दांडेली आणि हल्याळवरून धारवाडकडेच वळत असे. मुंबईत कुलाब्यास असे इस्पितळ त्यापूर्वीच होते. पुढे नागपुरास १८६४ साली, रत्नागिरीस १८८६ साली आणि ठाण्यास १९०१ साली अशी इस्पितळे निघाली. येरवड्याचे तर वाढत वाढत अडीच हजार खाटांच्याही वर गेले.

ह्या संस्थांना इंग्रजीत ‘असायलम’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोठा सुंदर आहे: जेथून कोणाला ओढून नेता येत नाही असे अभयस्थान. आपल्याकडे मात्र जेथे माणसाला ओढून नेतात ते ठिकाण, असा त्याचा अर्थ रूढ झाला. शब्दाची इतकी उलटापालट उगीच होत नाही. तिच्या मागे कायदा होता.

वकिलीच्या व्यवसायात जुने कायदे चाळण्याची सवय लागते, आणि कित्येकदा पुस्तकापेक्षा अनुक्रमणिकाच अधिक बोलकी ठरते. १८५८ साली, म्हणजे कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, वेडाच्या संबंधाने एकामागोमाग तीन कायदे झाले: चौतिसावा, पस्तिसावा आणि छत्तिसावा. त्यांपैकी पहिले दोन प्रामुख्याने वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी ह्याविषयी आहेत. तिसरा तेवढा खुद्द वेड्याविषयी, आणि तोही त्याला धरावे कसे व ठेवावे कोठे हे सांगणारा. रस्त्यात भटकणाऱ्या किंवा लोकांना धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे आणावे, सरकारी डॉक्टरचा दाखला घ्यावा, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने त्याची रवानगी व्हावी. चोरास धरण्याची रीत आणि वेड्यास धरण्याची रीत ह्यांत कागदोपत्री फारसे अंतर राहिले नाही.

१९१२ साली नवा कायदा आला आणि तो १९९३ पर्यंत, म्हणजे एक्क्याऐंशी वर्षे, देशभर चालला. त्यात पुष्कळ सुधारणा होत्या हे मान्य केले पाहिजे. नातेवाइकाने अर्ज करावा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडावेत, आणि प्रत्येक इस्पितळावर देखरेखीसाठी निदान तीन अभ्यागत नेमावेत, अशी तरतूद त्यात होती. पण त्याच कायद्याने तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलला आपल्या हद्दीतील सर्व वेड्यांच्या इस्पितळांचा पदसिद्ध अभ्यागत करून ठेवले होते. दवाखान्यावर देखरेख करायला तुरुंगांचा मुख्य! कायदा करणाऱ्यांना ह्यात काही विसंगती वाटली नाही, कारण त्यांच्या मनात त्या दोन इमारतींची भिंत एकच होती.

त्या कायद्यातील तेहेतिसावे कलम मला सर्वांत विचार करायला लावते. वेड्यास आपल्या ताब्यात घ्यावे अशी एखाद्या नातेवाइकाची किंवा स्नेह्याची इच्छा असेल, तर त्याने अर्ज करावा आणि ह्या माणसाची नीट काळजी घेईन, त्याला स्वतःस वा इतरांस इजा करू देणार नाही, असा जामीन द्यावा. मग त्याला सोडता येईल. कलम वाजवी आहे. परंतु ते एका माणसाच्या अस्तित्वावर उभे आहे: बाहेरून येऊन ‘हा माझा’ म्हणणारा कोणी तरी. तो आलाच नाही तर काय, ह्याचे उत्तर त्या कलमात नाही. आत जाण्यास शत्रूचीही तक्रार पुरत असे. बाहेर येण्यास आप्त लागत असे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ‘असायलम’च्या पाट्या उतरल्या आणि ‘मेंटल हॉस्पिटल’ अशा पाट्या लागल्या. पाटी बदलली तरी गर्दी हटली नाही. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या, आणि ज्या होत्या त्यांतही बहुतेक ठिकाणी राखणच अधिक, उपचार थोडा. त्यात डॉक्टरांचा दोष म्हणावा तर त्यांच्या हाती देण्यासारखे औषधच नव्हते. ते आले ते १९५२ नंतर. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारावर वापरले गेले; त्याच वर्षी सर्पगंधेच्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. ह्या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघा भारतीय वैद्यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले होते. सह्याद्रीच्या रानात वाढणारे हे झुडूप. आमच्या काळी नदीच्या खोऱ्याला ते परके नाही.

औषध आले आणि एक नवीच अडचण उभी राहिली. आजवर आत गेलेला माणूस बरा होत नाही, हे गृहीतच होते. घरचे लोक त्याला मनातून सोडून देत आणि तेवढ्यापुरते त्यांचे चुकतही नसे. आता माणसे बरी होऊ लागली. जो परत येणार नाही म्हणून ज्याचे ताट उचलून ठेवले होते, तो ताट मागू लागला.

गुंदहून बाहेर पडायला दुसरी वाट आहे ती पश्चिमेची, अनमोडचा घाट उतरून गोव्यात जाणारी. तिच्या टोकालाही, पणजीच्या आल्तिनो टेकडीवर, असेच एक इस्पितळ होते. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत ते निघाले आणि त्याला आबादे फारिया ह्यांचे नाव देण्यात आले. १९८० साली त्याची मनोविकार आणि मानवी वर्तन ह्यांचा अभ्यास करणारी संस्था झाली. पुढे ती बांबोळीस गेली आणि टेकडीवरचे ते जुने रुग्णालय इतिहासजमा झाले. इस्पितळांस नावे देणाऱ्यांनी एरवी फारसा विचार केलेला दिसत नाही. हे नाव मात्र नेमके पडले होते. फारियांचा जन्म १७५६ साली कांदोळीचा. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले. राणीपुढे प्रवचन करताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटली, तेव्हा वडिलांनी मागून कोकणीत ‘कातर रे भाजी’ असे कुजबुजून त्यांना धीर दिला, ही गोष्ट गोव्यात पोराटोरांना ठाऊक आहे. समोरची थोर मंडळी ही नुसती भाजी आहे, काप ती!

पुढे १८१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनावर जाहीर व्याख्याने दिली. त्या वेळच्या पंडितांचे म्हणणे असे, की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव्य निघते व त्याने समोरचा झोपी जातो. फारिया म्हणाले, तसे काही नाही. शक्ती झोपवणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या मनात आहे, आणि शब्दाने ती जागी होते. १८१९ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. त्याच पॅरिसमध्ये, त्यांच्याच हयातीत, बिसेत्र येथील इस्पितळात वेड्यांच्या साखळ्या काढण्यात आल्या. त्याचे श्रेय पिनेल ह्या डॉक्टरला मिळाले. प्रत्यक्षात १७९७ साली ते काम पुसँ नावाच्या तेथील देखरेख करणाऱ्याने केले होते. साखळी काढायला विद्वत्ता लागत नाही, हे त्यावरून कळते.

फारियांनी सांगितलेले शब्दाचे सामर्थ्य दोन्ही बाजूंनी चालते, ही गोष्ट मात्र आपण ध्यानात घेत नाही. मराठीत ‘वेड’ हा शब्द किती मायेचा आहे! लहान मुलाला आई ‘वेडा कुठला’ म्हणते, भक्ताला विठ्ठलाचे वेड लागते. ‘पिसे’ही तसेच, देवाचे पिसे लागलेला माणूस आपल्याला पूज्य. पण तोच शब्द कोकणीत ‘पिसो’ होऊन एखाद्याच्या पाठीला चिकटला म्हणजे तो त्याच्या नावाची जागा घेतो. वडिलांच्या एका कुजबुजीने मुलाची जीभ सुटली. गावाच्या एका हाकेने माणसाची जीभ कायमची बंदही होऊ शकते.

घरच्या लोकांना निष्ठुर म्हणण्याची घाई मात्र करू नये. ज्या घरात एकदाच पिकणारी भातशेती, चहूकडे रान आणि मोटारीचा रस्ता कोसभर दूर, त्या घरात रात्री उठून रानात धावणाऱ्या माणसाला कोण आणि किती दिवस राखणार? आधी घाडी होतो, मग देवाचा कौल, मग कोणी सांगते म्हणून गाणगापूर. तेवढ्याने भागले नाही म्हणजे खांबाला दोर बांधतात, आणि बांधणाऱ्याचे हात थरथरत असतात. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली तेव्हा अठ्ठावीस माणसे मेली, कारण ती साखळदंडांनी जखडलेली होती. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक आप्तच होते, आणि ती बरी व्हावीत म्हणूनच त्यांनी त्यांना आणले होते.

माझ्या वकिलीच्या पहिल्या वर्षांतील, म्हणजे सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. सुपे धरणाने काळी नदीच्या काठची गावे पाण्याखाली गेली आणि तेथील पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसवण्यात आली. अशाच एका कुटुंबात वाटणीचा दावा लागला. तीन भावांपैकी एकाच्या नावापुढे ‘विकृतचित्त, रुग्णालयात’ असे लिहिलेले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशाप्रमाणे अशा पक्षकाराला न्यायालय पालक नेमते. तो वादार्थ पालक म्हणून माझी नेमणूक झाली. ज्याचे हित पाहायचे त्याला निदान डोळ्यांनी पाहावे, म्हणून मी त्या सरकारी मनोरुग्णालयात गेलो.

पन्नाशीचा, शांत, स्वच्छ कपड्यांतला गृहस्थ समोर येऊन बसला. मी जमिनीविषयी विचारले. त्याने चतुःसीमा सांगितली: पूर्वेस व्हाळ, पश्चिमेस देवराई, उत्तरेस काकाचे शेत, दक्षिणेस पायवाट आणि तिच्या पलीकडे नदी. जुने कागद माझ्या पिशवीत होते. एक शब्द चुकला नाही. जी जमीन आता कोणालाच दिसत नव्हती, तिची सीमा सांगणारा तो बहुधा एकटाच उरला होता. आपले गाव बुडाल्याचे त्याला ऐकूनच ठाऊक होते. त्याने मला एवढेच विचारले, की पाणी देवळाच्या पायऱ्यांपर्यंतच आले की वरपर्यंत.

तेथील डॉक्टर सज्जन होते. त्यांनी फाइल उघडून दाखवली. हा माणूस घरी जाण्यास योग्य आहे असे कित्येक वर्षांपूर्वीच लिहिलेले होते, आणि घरी पाठवलेली पत्रे परत येऊन दोऱ्यात ओवून ठेवलेली होती. पत्ता त्याच गावाचा. ते गाव तळाशी गेले तरी सरकारी कागदावर तरंगत राहिले होते. भावांना रुग्णालय माहीत होते, रुग्णालयाला भावांचा नवा पत्ता माहीत नव्हता, आणि तो कळवण्याची भावांना निकड नव्हती.

ह्या माणसाला पालकाची गरज नाही, असा अहवाल मी न्यायालयापुढे ठेवला. न्यायाधीशांनी त्याला समक्ष बोलावले, विचारपूस केली, आणि माझी नेमणूक संपली. त्याने आपली जबानी आपणच दिली. पुढे त्याच्या हिश्शाचा हुकूमनामाही झाला. पण हुकूमनामा मिळाला म्हणून माणूस घरी जात नाही. भावांनी हिस्सा दिला. घर दिले नाही.

न्यायला आली ती बहीण. ती गुंदला दिलेली. भाऊ केव्हाच वारला, असे तिला सांगण्यात आले होते. दाव्याची बातमी रामनगरहून फिरत फिरत तिच्या कानी गेली तेव्हा खरे कळले. वाटणीत तिने काही मागितले नाही. अंगठा उठवायच्या आधी तिला कागद समजावून सांगावा म्हणून मी जबाबदारी, औषधे, दर महिन्याची खेप असे एकेक सांगू लागलो. तिने ते पुरते ऐकून घेतले आणि म्हणाली, “वकीलसायब, म्हजो भाव तो. हांव ताका घरा व्हरतां.” कायद्याच्या सगळ्या कलमांत जो माणूस गृहीत धरलेला असतो, तो मला त्या दिवशी प्रथम दिसला.

तो गुंदला बारा वर्षे जगला. शेतात राबला, कुंपणे बांधली, महिन्यातून एकदा मोटारीने जाऊन गोळ्या आणल्या. पहिले काही महिने पोरे त्याला ‘पिसो’ म्हणत. बहिणीची मुले ‘मामा’ म्हणत. हळूहळू सगळा वाडा त्याला मामा म्हणू लागला, आणि तो दुसरा शब्द कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

कायदाही ह्या काळात स्वस्थ बसलेला नाही. गुन्हा नसताना मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे ह्यांच्या प्रकरणात १९९३ साली सांगितले. त्याच वर्षी १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा अंमलात आला, आणि त्याच्या जागी आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याने साखळ्यांना मनाई केली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की केवळ कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, किंवा राहायला घर नाही, एवढ्या कारणाने कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. कुटुंबाने टाकलेल्या माणसास त्याच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने साहाय्य करावे, आणि ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी समाजात राहण्याची सोय करावी, असेही ते कलम सांगते. म्हणजे १९१२ च्या तेहेतिसाव्या कलमाने जो प्रश्न अनुत्तरित ठेवला होता, त्याला शंभर वर्षांनी उत्तर मिळाले. तरीही २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारास बजावावे लागले, की बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयांतून काढून भिक्षेकरीगृहांत धाडणे थांबवा. दरवाजा उघडला, पण त्याच्या बाहेर दुसराच दरवाजा लावून ठेवलेला होता.

धारवाडच्या इस्पितळावर आज ती जुनी पाटी नाही. २००९ सालापासून तिथे मानसिक आरोग्य व मज्जाशास्त्र ह्यांची संस्था आहे, आणि लोक तिला ‘डिम्हान्स’ ह्या नावाने ओळखतात. सकाळी येऊन औषध घेऊन दुपारच्या गाडीने घरी परतणारी माणसे तिथे पुष्कळ असतात. हा बदल थोडा नव्हे. मला त्यात एकच भर सुचवाविशी वाटते. माणसाला दाखल करताना आपण पुष्कळ प्रश्न विचारतो: आजार कधीपासून, घराण्यात कोणाला होता का, सही कोणाची. त्याच बैठकीत, त्याच कागदावर, आणखी एक प्रश्न विचारला जावा: ह्याला न्यायला कोण येणार, आणि तोवर महिन्याकाठी भेटायला कोण? उत्तर देणारा घरचा असो, शेजारचा असो, पंचायतीचा असो. पण त्याचे नाव आत जाण्याच्या दिवशीच लिहिलेले असावे, आणि पत्ता बदलला तर तो कळवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असावी. असे झाले तर ‘तो धारवाडहून आला’ ह्या साध्या वाक्याला एखाद्या पिढीत आपल्या बोलीत अर्थ येईल.